पूजेतली चावी

मैना गल्लीत शिरली तेव्हा उज्ज्वला बागल एका जुन्या जीपच्या बोनेटखाली वाकलेली होती. मान वर न करताच तिला कळलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आता पेट्रोलच्या इंजिनाचा आवाज आठवड्यातून एकदा ऐकू आला तर आला. बाकी सगळ्या गाड्या बॅटरीवरच्या, मुकाट येतात, मुकाट जातात. पण हा आवाज तिच्या ओळखीचा होता, आणि त्यात एक ठोका होता. इंजिनाच्या तळातून, ठक, ठक, ठक.

मरून रंगाची ती गाडी, मैना, दारात थांबली. काठी टेकत, उजवा पाय ओढत रणधीर सरनोबत उतरले. सत्तरी उलटलेली, पांढराशुभ्र सदरा, आणि उतरल्या उतरल्या पहिलं काम काय, तर खिशातला रुमाल काढून मैनेच्या आरशावरची धूळ पुसणं.

"दत्तू मिस्त्रीची लेक ना तू?"

"हो."

"मैनेला ठोका लागलाय. पार पुण्यापर्यंत विचारलं, पेट्रोलचं इंजिन उघडणारं कुणी उरलं नाही. लायसन म्हणे एकट्या तुझ्याकडे." मग आवाज मऊ करून म्हणाले, "जुनं काही मनात ठेवू नकोस, पोरी. तुझ्या बापाला मी केव्हाच माफ केलंय."

माफ! उज्ज्वलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यानं खून करावा त्यानंच वर तेराव्याला येऊन जेवावं, तसला हा प्रकार. पण ती बागलांची लेक होती. गरम लोखंडाला हात लावायचा नसतो, हे तिला चालायला लागल्यापासून ठाऊक.

"गाडी ठेवून जा, साहेब," ती म्हणाली. "इंजिन पूर्ण खोलावं लागंल. दोन आठवडे लागतील."

"दहा तारखेच्या आत दे बरं का. पेट्रोलच्या गाड्यांच्या परमिटची शेवटची तारीख आहे. संध्याकाळी सहापर्यंत मैना चालू स्थितीत ऑफिसच्या दारात उभी पाहिजे. नाहीतर जन्मात रस्त्यावर येणार नाही. माझं या जगात दुसरं आहे कोण?"

ते खरंच होतं. बायको गेलेली, मूल नाही, बंगला रिकामा. जाताना त्यांनी मैनेच्या टपावर हात ठेवला आणि लेकीला सासरी सोडून निघालेल्या बापासारखे दोनदा मागे वळून बघत गेले. उज्ज्वलानं भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. अकरा तारखेला दसरा, म्हणून सरकारी सुट्टी. दहा तारखेला खंडेनवमी.

ती कॅलेंडरसमोर बराच वेळ उभी राहिली.

आता बावीस वर्षांपूर्वीचं सांगतो, नीट ऐका, कारण कोर्टानं ते नीट ऐकलं नव्हतं.

उद्यमनगरात खंडेनवमीला हत्यारं बसतात. पाने, हातोडे, छिन्न्या सगळं धुऊन-पुसून पाटावर मांडायचं, हळद-कुंकू वाहायचं, झेंडू, नारळ. मग दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं लुटून होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. दत्तू बागलांच्या दुकानाची आणखी एक रीत होती. ज्या गाडीचं काम अपुरं राहिलं असेल, तिची चावीही पूजेच्या ताटात ठेवायची. म्हणजे ती गाडीही देवापुढं बसली.

त्या वर्षी ताटात मैनेची चावी होती. इंजिन दत्तू मिस्त्रींनी नवं बांधलं होतं, फक्त तेल भरायचं राहिलं होतं. मिस्त्री जेवायला घरी गेले, परत आले तर गाडी गायब. दोन तासांनी बातमी आली. पन्हाळ्याच्या चढाला इंजिन जाम होऊन गाडी जागच्या जागी थांबली, मागून ट्रक आदळला. सरनोबतांचा ड्रायव्हर किसन जागीच गेला. सरनोबतांचा पाय मोडला.

सरनोबतांनी कोर्टात शपथेवर सांगितलं: दत्तू मिस्त्रीनं अष्टमीच्या संध्याकाळी गाडी 'तयार आहे' म्हणून स्वतः हातात दिली. रात्रभर बंगल्यावर उभी होती. नवमीला निघालो, वाटेत काही कुरकुर नाही, चढाला एकदम जाम झाली. मिस्त्री तेल घालायला विसरला. मिस्त्री म्हणाले, साहेबांना मी स्पष्ट सांगितलं होतं की तेल नाही, उद्या या, त्यांनी पूजेतली चावी उचलली. तर कोर्ट राहू द्या, गल्लीच हसली. पूजेतली चावी उचलंल कोण? असला पापी कोल्हापुरात जन्माला यायचाय! दत्तू मिस्त्रींना सहा महिन्यांची शिक्षा झाली. सुटून आले ते मान खाली घालून. पुढच्या खंडेनवमीला त्यांच्या दुकानात प्रसादाला कुणी आलं नाही. तिसऱ्या वर्षी ते गेले. उज्ज्वला तेव्हा तेवीस वर्षांची होती, आणि तिनं ठरवलं की हे दुकान बंद करायचं नाही.

इंजिन खोलून तिनं क्रँक बाहेर काढला. इंजिनाच्या पोटात फिरणारा तो जाडजूड पोलादी दांडा. क्रँक त्या वेळचाच होता. अपघातानंतर दुसऱ्या कुणीतरी त्याचा जळका थर घासून काढला होता, नव्या बेअरिंगा बसवल्या होत्या. पण रॉडचे बोल्ट बघितल्यावर तिचे डोळे भरून आले. बाबांची सवय होती, बोल्ट आवळायचा, पाव फेरा मागं घ्यायचा, पुन्हा आवळायचा. तीन बोल्ट नवे होते, परक्या हाताचे, चौथ्यावर मात्र बाबांच्या हाताची खूण. चौथा त्या परक्या माणसानं बदललाच नव्हता, जुनाच परत लावला होता, आळशी लेकाचा.

मग तिनं कोपऱ्यातल्या यंत्रावरचं कापड काढलं.

या यंत्राचं कागदावरचं नाव धातुवाचक, पण गल्लीनं त्याला 'कुंडली' म्हणायचं ठरवलं होतं. माणसाची कुंडली पुढचं सांगते, ही मागचं सांगायची, एवढाच फरक, आणि हिचं खरं निघायचं. त्यामागचं शास्त्र फार अवघड नाही. फिरताना पोलादावर दर फेऱ्याला ताण येतो आणि त्याची एक बारीक रेघ धातूच्या आत उमटते. मोडलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला की त्या रेघा मोजता येतात, हे शास्त्रज्ञांना फार वर्षांपासून ठाऊक होतं. झाडाच्या बुंध्यातली वळी मोजतात ना, तसंच. नवं एवढंच झालं होतं, की ध्वनिलहरी आत सोडून न मोडता वाचता यायला लागलं. लहरी आत जातात, प्रत्येक रेघेवरून थोड्या परततात, संगणक त्या परतीच्या लहरींची जुळणी करतो.

उष्णतेचंही तसंच. पोलाद तापलं की आतले कण आपली जागा बदलतात, आणि निवताना नव्या जागी बसतात. किती तापलं, किती वेळ निवलं, याचा ठसा मागं राहतो. वरचा थर घासला तरी झळ आत गेलेली असते. परमिटच्या दाखल्यासाठी वरवरचं वाचन पुरतं. खोल वाचनाला इंजिन उघडावं लागतं, दोन दिवस लागतात, म्हणून ते कुणी करत नाही.

उज्ज्वलानं बटण 'खोल'वर नेलं.

दोन दिवसांनी पडद्यावर रेघा उभ्या राहिल्या. बाबांनी इंजिन बांधल्यानंतरची पहिली सुरुवात तिनं शोधून काढली. अकरा मिनिटं फिरलं, भयंकर तापलं, जाम झालं. चाळीस मिनिटं निवलं, पण पुरतं नाही. पुन्हा सुरू. सात मिनिटं, पुन्हा जाम. पंचवीस मिनिटं निवलं. तिसऱ्यांदा सुरू. चार मिनिटं. संपलं.

ती स्टुलावर बसली. पुन्हा वाचलं, पुन्हा तेच. पहिल्या सुरुवातीपासून शेवटच्या जाम होईपर्यंत दीड तास, आणि मधे इंजिन एकदाही पूर्ण गार झालेलं नव्हतं. म्हणजे अष्टमीला नेली, रात्रभर उभी होती, हे खोटं. 'काही कुरकुर नाही' हेही खोटं. दोनदा जाम झालेली गाडी या माणसानं तिसऱ्यांदा चढाला घातली होती.

"सापडलास, भडव्या," उज्ज्वला म्हणाली. दुकानात कुणी नव्हतं, असतं तरी म्हणाली असती.

कागद घेऊन ती थेट गल्लीच्या तोंडाशी गेली. तिथं शालनमावशीची चहाची टपरी. शालनमावशी म्हणजे किसनची बायको. बावीस वर्षं ती उद्यमनगरातल्या प्रत्येक दुकानात चहा पोचवत होती, एक बागलांचं दुकान सोडून. उज्ज्वला समोरून गेली की ती तोंड फिरवायची. कोर्टाचा निकाल गेला खड्ड्यात. उज्ज्वलाला निर्दोष हवा होता तो बाप या बाईच्या नजरेत.

"मावशी, हे बघा," म्हणत तिनं रेघांवर बोट ठेवून सगळं सांगितलं.

शालनमावशीनं दूध उतू जाऊ दिलं, पण ऐकलं शेवटपर्यंत. मग गॅस बारीक केला.

"दोनदा बंद पडली व्हती म्हंतीस?"

"दोनदा. यंत्र खोटं बोलत नाही."

"मग माझ्या माणसाला ठावं व्हतं." पदरानं तिनं तोंड पुसलं. "म्हंजी त्या सरनोबताचंबी चुकलं. व्हय, चुकलं. पर पोरी, बिनतेलाची गाडी त्याच्या हातात दिली कुणी? अष्टमीला न्हाई तर नवमीला सकाळी दिली आसंल. तुझं मशीन चावीचं सांगतंय काय?"

"चावी पूजेत होती, मावशी!"

"पूजेतली चावी उचलंल कोण?" शालनमावशी म्हणाली आणि भांडं घासायला घेतलं.

उज्ज्वला परत आली ती दात-ओठ खात. लोखंडाचं सगळं यंत्राला कळतं, माणसाच्या हाताचं कळत नाही. बरं, नाही कळत तर नाही. हाताचं हातानंच सांगायला पाहिजे.

तिनं क्रँक घासला, नव्या बेअरिंगा बसवल्या, इंजिन बांधायला घेतलं. सावकाश. सरनोबत रोज फोन करायचे. "मैना कशी आहे? तिला उन्हात ठेवू नकोस हां." ती सांगायची, "नवमीला दुपारी या, साहेब." प्रत्येक बोल्ट तिनं बाबांसारखा आवळला, पाव फेरा मागं, पुन्हा पुढं. इतकं सुरेख इंजिन तिनं आयुष्यात बांधलं नव्हतं. चौथा बोल्ट तिनं बदलला नाही, बाबांचा तोच पुन्हा बसवला.

अष्टमीला सकाळी फक्त तेल भरायचं राहिलं. तेलाचा डबा तिनं हातात घेतला आणि खाली ठेवला. न सांगता तशीच दिली तर? चढाला लागेल, जाम होईल, मागून कुणी येईल. फिट्टंफाट. हा विचार तिच्या मनात आला, आणि आला तो पाहुण्यासारखा आला नाही, चांगला पाट मांडून बसला.  पण मागून येणाऱ्या गाडीत कुणी दुसरा किसन असला तर?

तिनं बाबांच्या मोठ्या पान्यावर हात ठेवला आणि स्वतःशी शपथ घेतली. तेल नाही हे सरनोबताला स्पष्ट सांगायचं, बाबांनी सांगितलं होतं तस्सं. मग तो काय करतो ते बघायचं. हात जोडून चावी मागितली, तर देवाची क्षमा मागून ती स्वतः चावी उचलेल, तेल भरेल आणि गाडी देईल, बदला गेला उडत. एका बाळंतिणीसाठी बाबांनी एकदा असं केलं होतं.

नवमीला दुपारी साडेतीनला पूजा झाली. पाटावर पाने, हातोडे, बाबांचा मोठा पाना मधोमध, शेजारी बाबांचा फोटो. ताटात हळद-कुंकू, झेंडू, नारळ आणि मैनेची चावी. शेजारपाजारचे पाच-सहा जण प्रसादाला आले होते. उज्ज्वलानं शालनमावशीलाही बोलावलं होतं. ती येईल असं वाटलं नव्हतं, पण आली. आत नाही आली, दारातल्या बाकावर बसली.

पावणेपाचला सरनोबत रिक्षातून उतरले. मैनेला धुऊन हार घातलेला बघून त्यांचा चेहरा फुलला. "शाब्बास! बघ, कशी नवरी दिसतेय माझी मैना. चावी आण."

"साहेब, तेल घातलेलं नाही," उज्ज्वला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "हत्यारं बसलीत. उद्या सोनं लुटल्यावर या."

"उद्या? डोकं फिरलंय का तुझं? सहाला परमिट संपतं!"

"ठाऊक आहे."

"मग चावी कुठाय?"

"पूजेत."

सरनोबतांनी ताटाकडं पाहिलं.  माग, उज्ज्वला मनात म्हणत होती. एकदा माग की. आणि त्याच वेळी, नको मागू, असंही म्हणत होती.

सरनोबत काठी टेकत पुढं झाले. चपला पायात तशाच. वाकले, झेंडू बाजूला सारला, नारळ कलंडला, आणि चावी उचलली. क्षणभरही हात थबकला नाही. चावीला लागलेलं कुंकू त्यांनी रुमालाला पुसलं.

 प्रसादाचा हात तोंडाशी नेलेला शेजारचा टर्नर तसाच राहिला.

"असं काय बघताय?" सरनोबत भडकले. "तेल वाटेत भरून घेईन मी. तुमच्या खानदानालाच खोड आहे अडवणुकीची! तुझा बापही असाच अडून बसला होता. हत्यारं बसलीत, तेल नाही, उद्या या, उद्या या! पन्हाळ्याला माझे पाहुणे खोळंबलेले, आणि हा आपला..."

आणि ते थांबले.

बाकावरून शालनमावशी उठली. चपला काढून आत आली. "कवा, साहेब?"

"काय कवा?"

"दत्तू मिस्त्री कवा अडून बसला व्हता?"

"ते... अष्टमीला."

"अष्टमीला हत्यारं बसत्यात व्हय?"

सरनोबतांनी आजूबाजूला पाहिलं. सगळी माणसं त्यांच्या हाताकडं बघत होती. त्यांनी मूठ मागं नेली. शालनमावशीनं ती धरली, एकेक बोट उघडलं आणि चावी काढून घेतली. म्हाताऱ्यानं विरोध केला नाही. तिनं चावी पदरानं पुसली, ताटात ठेवली, वर झेंडू वाहिला. मग पुन्हा त्यांच्यासमोर उभी राहिली.

"दोनदा बंद पडली गाडी. तवा माझा माणूस काय म्हनाला व्हता?"

"शालन, जुनं झालं आता..."

"काय म्हनाला व्हता?"

 "म्हणाला, साहेब, नको," सरनोबत पुटपुटले. "मिस्त्रीला विचारू, परत जाऊ, म्हणाला."

"आनि तुमी?"

"मी म्हणालो... चल."

शालनमावशी रडली नाही. तिनं फक्त मान हलवली, बावीस वर्षं अडकलेली गोष्ट खाली सरकल्यासारखी. मग ती पाटाकडं वळली आणि दत्तू मिस्त्रींच्या पान्याला हळद-कुंकू लावून तिनं जमिनीला डोकं टेकवलं.

पाच वाजून गेले होते. परमिटचं ऑफिस पंधरा मिनिटांवर. सरनोबत मैनेला टेकून उभे होते. अचानक त्यांनी काठी सोडली आणि दोन्ही हात जोडले. "उज्ज्वला, काय शिक्षा द्यायची ती मला दे. पोलिसांत येतो, सगळं लिहून देतो. पण तेल घाल गं हिच्यात. हिनं काय केलंय? हात जोडतो."

आता झाली का पंचाईत! हात जोडून मागितलं तर देईन, अशी बाबांच्या पान्यावर शपथ घेतलेली. डबा पायाशी होता. तेल ओतायला पाच मिनिटं पुरे झाली असती, वेळ होता. उज्ज्वलानं डब्याकडं पाहिलं, मग बाबांच्या फोटोकडं. तुरुंगातून आलेला बाप, पाठ करून बसलेला, पाना हातात धरताना थरथरणारी त्याची बोटं. माफ केलंय म्हणे.

"हत्यारं बसलीत, साहेब," ती म्हणाली. "उद्या या."

शपथ मोडली तिनं? मोडली. सरळ मोडली, आणि त्याचं तिला तसूभर वाईट वाटलं नाही.

सरनोबत सहापर्यंत मैनेशेजारी उभे राहिले. सहाचा भोंगा झाल्यावर खाली बसले, तिथंच, चाकाशी. शेजारच्या टर्नरनं त्यांना उठवून रिक्षात घातलं.

दसऱ्याला ते आले. यायलाच लागणार होतं. सोनं लुटून झालं होतं. उज्ज्वलानं त्यांच्यासमोर तेल ओतलं, तेल मोजायची पट्टी काढून पातळी दाखवली, चावी फिरवली. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं. ठोका नव्हता, कुरकुर नव्हती. इतका गोड आवाज त्या गल्लीनं कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. आता ही गाडी रस्त्यावर जाणार नव्हती, दुसऱ्या गाडीच्या पाठीवर लादून बंगल्यावर न्यायची आणि तिथं अंगणात उभी करायची. सरनोबत आत बसले आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

उज्ज्वलानं खिडकीतून आपट्याचं पान पुढं केलं. "सोनं घ्या, साहेब. सोन्यासारखं राहा."

त्यांनी ते घेतलं. 

मग दारात चपला वाजल्या. शालनमावशी चहा घेऊन आली होती, बागलांच्या दुकानात, बावीस वर्षांनी पहिल्यांदा. तिच्या हातात दोन कप होते. एक तिनं उज्ज्वलाच्या हातात दिला. दुसरा दत्तू मिस्त्रींच्या फोटोपुढं ठेवला, आणि गाडीकडं न बघता बाकावर जाऊन बसली.